वरच्या घरातून मारहाणीचे आवाज येतात. शेजाऱ्याने नेमकं काय करावं?

खालच्या_मजल्यावरचा (प्रश्न)

आमच्या डोक्यावरच्या घरात नवरा, बायको आणि सात-आठ वर्षांचा मुलगा राहतात. रात्री अकराच्या सुमारास आधी त्याचा आवाज चढतो, मग काहीतरी आदळल्याचा आवाज येतो, मग तिचा, आणि मग एकदम सगळं बंद. त्या बंद होण्याचीच मला जास्त धास्ती वाटते. बोलणं सहसा नीट कळत नाही, पण परवा "गळा सोड" हे दोन शब्द स्पष्ट ऐकू आले.

दुसऱ्या दिवशी ती लिफ्टमध्ये भेटली. आवाज बसलेला, गळ्याभोवती स्कार्फ घट्ट गुंडाळलेला. बरं नाही का विचारलं तर "घसा धरलाय" म्हणाली आणि मजला येईपर्यंत आकड्यांकडे बघत राहिली.

तो माणूस बाहेर अगदी सभ्य आहे. माझी गाडी बंद पडली तेव्हा स्वतःहून ढकलायला आला होता. त्यामुळे कोणाशी विषय काढला तरी पटतच नाही. कमिटीच्या अध्यक्षांना आडून विचारून पाहिलं. "नवरा-बायकोचं भांडण आहे, उद्या ते दोघं एक होतील आणि वाईट तुम्ही ठराल," असं उत्तर मिळालं. माझी बायको म्हणते, मी तिच्याशी बोलते. मित्र म्हणतो, थेट पोलीस. मला स्वतःला वाटतं की एकदा वर जाऊन त्याला चांगलं सुनवावं.

यातलं काय केल्याने तिला मदत होईल आणि काय केल्याने तिचेच हाल वाढतील? आणि एवढ्या घरांपैकी कोणीच तोंड उघडत नाही, त्याचं काय करायचं?

फोनपाशी_बसणारी

मी एका हेल्पलाइनवर फोन घेते, बरीच वर्षं, बहुतेक रात्रपाळीला. तुमची बाकीची पोस्ट मी नंतर वाचली. आधी "गळा सोड" आणि बसलेला आवाज, इथेच थांबले.

गळा आवळणं म्हणजे थोबाडीत मारण्याच्या पुढची पायरी असं लोक धरून चालतात. ते तसं नाही, तो प्रकारच वेगळा आहे. अमेरिकेत जॅकलिन कॅम्पबेल या नर्सिंगच्या क्षेत्रातल्या संशोधक बाईंनी १९८० च्या दशकात जिवाचा धोका किती आहे हे तपासायची प्रश्नावली तयार केली. ती आज अनेक देशांत वापरली जाते आणि तिच्यात गळा दाबल्याचा प्रश्न आहे. तिथल्याच २००८ च्या एका अभ्यासात दिसलं की जोडीदाराने आधी कधी गळा आवळलेला असेल, तर पुढे त्याच्याच हातून त्या बाईचा खून होण्याची शक्यता सातपटीहून अधिक असते. गळ्यावर वळ दिसेलच असं नाही. आवाज घोगरा होतो, गिळताना दुखतं, डोळ्यांत लाल ठिपके येतात, मधलं काही आठवत नाही. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झाली असेल तर काही दिवसांनीसुद्धा पक्षाघात होऊ शकतो. तेव्हा तुमच्या मिसेसना तिच्याशी एकच वाक्य बोलायला मिळालं तर ते असं असू दे: "डॉक्टरला मान दाखव, आणि गळा दाबला होता हे स्पष्ट सांग." डॉक्टरच्या कागदावर ते नोंदलं जाणं पुढेही कामाला येतं.

आता तुमच्या सुनावण्याबद्दल. नका जाऊ. तुम्ही चार शब्द सुनवून खाली याल, पण ती आतच राहील, आणि "खालच्यांना काय सांगितलंस?" ही उलटतपासणी तिच्या वाट्याला येईल. तिने एक अक्षर सांगितलेलं नसलं तरी.

आवाज चालू असताना बेल वाजवणं मात्र वेगळं. २००८ मध्ये ब्रेकथ्रू या संस्थेने भारतात 'बेल बजाओ' नावाची मोहीम केली होती, त्यातली कल्पना हीच होती की शेजाऱ्याने काहीतरी फुटकळ कारण काढून दाराची बेल दाबायची. "तुमच्याकडे लाईट आहे का?" एवढं पुरतं. खालच्या मजल्यावरच्या माणसाला तर छत गळण्याचं कारण जन्मभर पुरेल! यात तुम्ही कोणावर आरोप करत नाही, फक्त बाहेर कोणीतरी जागं आहे एवढं आत कळतं, आणि चढलेला हात बऱ्याचदा तिथे उतरतो. दोघांनी जा, एकट्याने नको. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू नका. त्याने दार उघडलं तर गळतीबद्दलच बोला, तिच्याबद्दल नाही. आणि दर वेळी तेच कारण नको, तो मूर्ख नाही.

पण "गळा", "वाचवा", हत्याराचा उल्लेख, मुलाचं किंचाळणं, यातलं काहीही ऐकू आलं तर बेलबिल काही नाही, सरळ ११२ या आपत्कालीन नंबरला फोन. फोनवर "भांडण चाललंय" म्हणू नका, भांडण म्हटलं की ऐकणाराही सैल होतो. पत्ता, मजला, जे ऐकलं ते शब्द जसेच्या तसे, घरात लहान मूल आहे हे, आणि "आमचं नाव त्या घरात सांगू नका" हेही. परवाची रात्र पुन्हा आली तर मी बेलपाशी वेळ घालवणार नाही.

तिच्याशी बोलायचं ते तुमच्या मिसेसनीच, समोरासमोर, ती एकटी असताना. मेसेज करू नका, असल्या घरांत तिचा फोन तिच्या एकटीचा नसतो. प्रश्नही विचारू नका, सांगा: "रात्री आवाज येतो. तुझी काळजी वाटते. बोलावंसं वाटलं तर मी आहे, नाही वाटलं तरी हरकत नाही." ती बहुधा नाकारेल. कपाटाचं दार लागलं म्हणेल. म्हणू दे. लगेच विषय बदलून दुसरं काहीतरी बोला, म्हणजे पुढच्या वेळी तुमच्या मिसेस दिसल्या की ती जिना बदलणार नाही.

आणि "सोड ना त्याला" हे वाक्य गिळा. घर सोडायच्या सुमाराचे आणि सोडल्यानंतरचे दिवस हे सगळ्यात धोक्याचे असतात. कुठे जायचं, मुलाला कसं न्यायचं, पैसे कुठून, कागद कुठे, हे ठरल्याशिवाय बाहेर पडायला लावणं म्हणजे तिला आपल्या घाईपायी संकटात लोटणं. तो कधी कसा वागतो हे तिला तुमच्याआमच्यापेक्षा कितीतरी नीट माहीत आहे.

तटस्थ_नागरिक

दोन शब्द ऐकले, एक स्कार्फ पाहिला, आणि लगेच पोलीस? टीव्ही चालू असेल. पुरुषांनाही बायका मारतात, त्यावर कोणी लिहीत नाही. एखाद्या सज्जन माणसाची उगाच बदनामी झाली तर ती कोण भरून देणार?

फोनपाशी_बसणारी

पुरुषांचेही फोन येतात आणि मी तेही घेते. त्यांचा गळा दाबला तरी सल्ला हाच देईन.

वर जे लिहिलंय ते करायला कोण सज्जन आणि कोण दुर्जन याचा निवाडा आधी करावा लागत नाही, म्हणून तर ते सुचवलं. टीव्ही निघाला तर लाईट आहे का विचारून तुम्ही खाली याल. यात बदनामी कोणाची झाली?

दिवाणी_फौजदारी

वकिली करते, त्यामुळे कायद्यापुरतं. भारतात राहत असाल असं धरून.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५. लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ पासून. शेजाऱ्यांच्या कामाचं आहे कलम ४: हिंसा झाली, होते आहे किंवा होईल असं ज्याला सकारण वाटतं अशी कोणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला (या कायद्याखाली सरकारने नेमलेला अधिकारी) कळवू शकते, आणि सद्भावनेने माहिती दिली असेल तर त्याबद्दल तिच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. म्हणजे अध्यक्षांनी घातलेली "तुम्ही वाईट ठराल" ही भीती सामाजिक असेल, कायद्यातली नव्हे.

याच कायद्यात हिंसेची व्याख्या फक्त मारहाणीपुरती नाही. शिवीगाळ, अपमान, पैसे अडवून धरणं, लैंगिक जबरदस्ती, सगळं आत येतं. कलम १७ प्रमाणे घर तिच्या नावावर नसलं तरी एकत्र राहिलेल्या घरात राहायचा तिला हक्क आहे. "माझ्या घरातून चालती हो" हे वाक्य रात्री कितीही जोरात म्हटलं तरी कोर्टात ते टिकत नाही. मॅजिस्ट्रेटकडे अर्ज केला की पहिली तारीख साधारण तीन दिवसांच्या आत द्यावी आणि साठ दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे मी रोज बघते. पण तातडीचा अंतरिम आदेश कलम २३ खाली मागता येतो, आणि संरक्षण आदेश, म्हणजे हिंसा करू नये असा कोर्टाचा हुकूम, मोडला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

फौजदारी तक्रार ही वेगळी वाट. नवऱ्याने किंवा त्याच्या नातेवाइकांनी बायकोचा छळ करण्याबद्दलचं जुन्या दंड संहितेतलं कलम ४९८-अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालं आहे, १ जुलै २०२४ पासून. बायका पुष्कळदा म्हणतात, "त्याला आत टाकायचं नाही, फक्त मारणं थांबायला हवं." त्यांच्यासाठी २००५ चा कायदा जास्त उपयोगाचा, आणि हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. वकिलाच्या फीची काळजी असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.

एक काम तुम्ही आजपासून करू शकता. तारीख, वेळ, काय ऐकलं, एवढं एका वहीत लिहीत जा. अंदाज नको, विशेषणं नकोत. "राक्षसासारखा ओरडत होता" याचा मला काही उपयोग नाही. "११.१० वाजता, 'गळा सोड', बाईचा आवाज, त्यानंतर शांत" याचा आहे. चोरून व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकणाऱ्यांनी मात्र कृपया असल्या मदतीपासून लांब राहावं.

त्या_घरात_राहून_आलेली

मी वरच्या मजल्यावरची होते असं समजा.

माझ्या शेजारच्या काकूंनी मला कधीच काही विचारलं नाही. एक दिवस कपडे वाळत घालताना एवढंच म्हणाल्या, "मला रात्री झोप येत नाही. कधीही दार वाजवलंस तरी मी जागीच असते." मला कळलं त्या काय म्हणतायत, आणि मला कळलंय हे त्यांनाही कळलं. त्यानंतर कितीतरी महिने मी दार वाजवलं नाही. पण माझी आणि मुलीची कागदपत्रं, बँकेचं पासबुक आणि घराची जादा किल्ली हळूहळू त्यांच्या कपाटात गेली. एक-एक करून, कपड्यांच्या बादलीतून. एकदम पिशवी भरली असती तर त्याच्या नजरेतून सुटली नसती.

आमची एक खूण होती. बाल्कनीत लाल टॉवेल म्हणजे आज रात्री कान उघडे ठेवा. हल्ली हाताची एक खूण सगळीकडे माहीत झाली आहे: तळहात समोर, अंगठा आत, मग त्यावर चार बोटं मिटायची. कॅनडातल्या एका महिला संस्थेने २०२० मध्ये, सगळे घरात कोंडलेले असताना, व्हिडिओ कॉलसाठी ती काढली. चांगली आहे. पण ती आता त्यालाही माहीत असू शकते, म्हणून दोघींनी ठरवलेली साधी घरगुती खूण मला जास्त भरवशाची वाटते.

दुसऱ्या एका शेजारणीनेही मदत केली होती. तिने चांगल्या मनाने माझ्या सासूबाईंना फोन केला, "तुमच्या मुलाला समजवा." त्या रात्रीबद्दल मी लिहिणार नाही. घरातल्या मोठ्यांना मध्यस्थ करणं सगळ्यांना सोपं वाटतं, कारण त्यात पोलीस नाहीत, बोभाटा नाही. पण मोठी माणसं बहुतेक वेळा समेट करायला बसतात, आणि समेट म्हणजे तिने गप्प बसायचं.

आणखी एक. मला मार रोजचा नव्हता. रोज होतं ते वेगळं: बाहेर गेले की दर अर्ध्या तासाने फोन, पावत्या तपासणं, बहिणीशी बोलायचं तर स्पीकरवर. इंग्लंडमध्ये २०१५ पासून असं जखडून ठेवणं हाच स्वतंत्र गुन्हा आहे. आवाज यायचे थांबले म्हणून सगळं ठीक झालं असं समजू नका. आमच्या घरात शेवटचे महिने खूप शांत होते.

कट्ट्यावरचा

पुरुषांनी आपापसात काय करावं यावर थोडं लिहितो, कारण सगळा सल्ला तिच्यापाशी कसं पोचावं याचा आहे आणि तो माणूस मात्र दर रविवारी कोणाबरोबर तरी हसतखेळत बसलेला असतो.

आमच्या ग्रुपमधला एक जण बायकोबद्दल बोलताना नेहमी "तिला दोन ठेवून दिल्याशिवाय कळत नाही" असा विनोद करायचा. सगळे हसायचे. एकदा एकाने, आमच्यातल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्याने, न हसता विचारलं, "म्हणजे खरंच मारतोस?" बाकी काही नाही. कट्टा गार पडला. तो "अरे गंमत" वगैरे म्हणाला, पण ती गंमत पुन्हा कोणी ऐकली नाही. घरात काय बदललं ते मला माहीत नाही, खोटं कशाला सांगू. पण आपण हसत होतो तेव्हा त्याला आपली संमती मिळत होती, हे त्या दिवशी दिसलं.

युगांडात कंपाला शहरातल्या वस्त्यांमध्ये 'सासा!' नावाचा कार्यक्रम याच तत्त्वावर चालला. बाहेरून तज्ज्ञ आणण्याऐवजी वस्तीतलीच साधी माणसं तयार केली आणि ती शेजाऱ्यांशी, मित्रांशी बोलत राहिली: घरात जोर कोणाचा चालतो, का चालतो. २०१४ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथे हे काम झालं तिथे जोडीदाराकडून होणारी मारहाण तुलनेच्या वस्त्यांपेक्षा निम्म्याच्या आसपास आढळली. काही वर्षं सलग केलेलं काम होतं ते, एका व्याख्यानाने आणि मेणबत्त्या लावून झालेलं नाही.

तुमच्या वरच्याचा एखादा जवळचा मित्र माहीत असेल तर त्याला हाताशी धरा. पण त्याने "खालचे म्हणत होते" किंवा "वहिनी म्हणाल्या" असं चुकूनही म्हणायचं नाही. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय तेवढंच बोलायचं, उदाहरणार्थ "परवा तू सगळ्यांसमोर तिच्यावर खेकसलास, ते मला आवडलं नाही."

खालच्या_मजल्यावरचा

सगळ्यांचे आभार. सुनवायला जाणं रद्द. वही सुरू केली. बायको काल तिच्याशी गच्चीवर बोलली. मान दाखवण्याबद्दल सांगितल्यावर ती काही बोलली नाही, पण "कुठल्या डॉक्टरकडे?" एवढं विचारलं. आज दुपारी दोघी जाणार आहेत, निमित्त माझ्या बायकोच्या पाठदुखीचं.

दोन गोष्टी राहिल्या. मुलगा हल्ली आवाज सुरू झाला की जिन्यात येऊन बसतो, त्याच्याशी काय बोलू? आणि अध्यक्ष म्हणतात की आपल्या इमारतीत सुशिक्षित लोक राहतात, असल्या नोटिसा लावल्या तर शोभा होईल.

फोनपाशी_बसणारी

"कुठल्या डॉक्टरकडे?" हे खूप आहे. तपासणीच्या वेळी डॉक्टरला तिच्याशी एकटीशी बोलू द्या, तुमच्या मिसेसनी बाहेर थांबावं. दुपारचं निमित्त पाठदुखीचं असेल तर घरी परतल्यावरही तेच कायम ठेवा, दोघींचं सांगणं जुळलं पाहिजे.

मुलाला खोदून विचारू नका, आणि "आईला सांभाळ हं, तू मोठा आहेस" हे तर अजिबात नको, त्याच्या खांद्यावर आधीच पुष्कळ आहे. जिन्यात त्याच्या शेजारी बसा. "हे तुझ्यामुळे होत नाहीये. मोठ्यांच्या मध्ये पडायचं नाही. भीती वाटली की आमच्याकडे यायचं, बेल न वाजवता दार ठोकलंस तरी चालेल." एवढंच. आपल्यामुळेच हे होतं असं मुलांना फार वाटतं, अभ्यास केला नाही म्हणून, वस्तू हरवली म्हणून. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर त्याला खेळता खेळता पाठ करून द्या, स्वतःच्या घरच्या पत्त्यासकट.

अध्यक्षांना सांगा की २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभराची आकडेवारी मांडली. जवळपास तीनपैकी एका स्त्रीने आयुष्यात कधीतरी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा, नाहीतर दुसऱ्या कोणाकडून लैंगिक हिंसा सोसलेली आहे. त्यात शिकलेल्यांची घरं वगळलेली नाहीत. तरीही ते अडले तर 'सर्व आपत्कालीन नंबर' अशी नोटीस काढा: अग्निशमन, रुग्णवाहिका, ११२, मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१. लिफ्ट अडकल्यावर कोणाला फोन करायचा तेही टाका, मग त्यांचा विरोध मावळेल. नोटीस एकट्या त्यांच्या मजल्यावर लावू नका, सगळ्या मजल्यांवर एकाच दिवशी लावा. आणि लिफ्टच्या आतली प्रत ठळक अक्षरात, डोळ्यांच्या उंचीवर. तिला मोबाईल काढून फोटो घ्यावा लागता कामा नये, येता-जाता ११२, १०९८ आणि १८१ हे तीन नंबर पाठ झाले पाहिजेत.